श्रीवर्धनची वाडी आणि आमचा 'माका'

पुण्याहून ताम्हिणीचा घाट उतरून माणगांव, म्हसळें करीत श्रीवर्धनास पोंचेपर्यंत दिवस कलतो. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें हें मूळगांव, हें वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस मात्र तें थोरल्या बंधूंच्या पोफळींच्या वाडीमुळें प्रिय. बंधु निवर्तले, आतां वाडी वहिनी एकट्या सांभाळतात. तेथील 'रोठा' सुपारी हेंच त्यांच्या चरितार्थाचें साधन.

ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें आणि वहिनींच्या निम्म्या पोफळी मोडल्या. जेथें भर दुपारींहि सांजावल्यासारखें वाटे, तेथें ऊन भुईला टेकलें व माती उघडी पडली. पुढल्या पावसाळ्यांत आम्हीं एक शहाणपण केलें. पुण्यांतील एका बागेंत पिवळ्या फुलांची वेल दाट पसरलेली पाहून, 'हाच पीतभृंगराज, म्हणजे पिवळा माका' असा निवाडा आम्हीं निघंटूंतील वर्णनाच्या भरंवशावर दिला आणि तिच्या ओंजळभर कांड्या वाडींत नेऊन लावल्या. जमीनहि झांकेल, औषधहि होईल! संस्कृत येत असलें म्हणजे वनस्पति ओळखतां येतात, हा भ्रम आम्हांस साठीनंतरहि होता.

तो पीतभृंगराज नव्हता. रोपवाटिकावाले जिला वेडेलिया म्हणतात ती ही. गोत्र तेंच, पण माहेर उष्ण कटिबंधांतील अमेरिका. दूर्वा पेरापेरांतून वाढते असें वेदमंत्रांत वर्णन आहे. परंतु दूर्वेस ऊन लागतें. हिला सांवलींत फुलें कमी येतात इतकेंच, पसरणें कांहीं थांबत नाहीं.

यंदा दिवाळीनंतर गेलों, तों पाटाच्या दोन्ही अंगांस पोटरीइतकें हिरवें रान. वहिनी रागावल्या नाहींत. "भावोजी, गळलेली सुपारी वेंचायची कुठून, तेवढं दाखवा," एवढेंच म्हणाल्या. त्या रानांत फुरशाच्या भयानें हात घालावयास वेंचणारी बाई तयार नव्हती. विहिरीजवळची, बंधूंनीं हौसेनें राखलेली मंडूकपर्णी पार दडपून गेली होती. आम्हांस मान वर करवेना.

गड्यानें प्रथम कुदळीनें वेल तोडून पाटांत लोटली. पाण्याबरोबर एकेक तुकडा पुढच्या आळ्यांत जाऊन रुजणार, हें ध्यानीं येतांच तें काम थांबविलें. मग शिंपण्यानें ओल्या झालेल्या मातींतून हातानेंच उपटणें आलें. आधीं काठीनें झोडपावें, मग एका कडेनें चटई गुंडाळावी तसें मुळांसकट गुंडाळीत जावें. मागें राहिलेलें पेरहि पुन्हां मूळ धरतें. सबब आम्ही चष्मा लावून गड्याच्या मागून माती चाळीत होतों. उपटलेली वेल खताच्या खड्ड्यांत न टाकतां अंगणांत कडकडीत वाळवून जाळली. मोकळ्या भुईवर झावळ्या व पोफळीच्या विऱ्या यांचा जाड थर पसरला. चौदा दिवसांत जेमतेम तीन गुंठे मोकळे झाले. तेथें ज्येष्ठांत हळद लावावयाची आहे. विरळ सांवली तिला मानवते.

विहिरीच्या चिऱ्यांच्या फटींत मंडूकपर्णीचीं चार पानें सांपडलीं. ती देखील धावती वेल. म्हणून तिच्याभोंवतीं वहिनींनीं दगड लावले. निघतांना त्यांनीं सुपारीची पुरचुंडी दिली. आम्हीं पिशवी अंगणांत उलटी करून झटकली, वहाणांचे तळ पाहिले आणि मगच पुरचुंडी आंत ठेवली. पंधरवड्यानें नवे कोंब वेंचावयास पुन्हां जावयाचें आहे.