मुंगीला मुकादम नसतो

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात एक मुंगी आहे. संडे स्कूलच्या मुलांना ती अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ असते. आळशी माणसाला तिच्याकडे धाडलंय: तिचं वागणं बघ आणि शहाणा हो. वचन छोटं, चित्र काढायला सोपं, आणि मुंगी तर प्रत्येक मुलाच्या ओळखीची. उद्योगीपणाचा धडा आला की आम्ही शिक्षक याच मुंगीला बोलावतो. मुलं एका सुरात वचन म्हणतात, मग मुंगीचं चित्र रंगवतात.

पण ती गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्याच वचनात मुंगीबद्दल एक माहिती दिली आहे, आणि ती आम्ही पाठ करून घेत नाही. तिच्या डोक्यावर कुणी नसतं. तिला हुकूम सोडणारा नाही, तिच्यामागे उभा राहून बघणारा नाही; तरी सुगीच्या दिवसांत ती आपल्या पोटापाण्याची सोय करून ठेवते. ही मधली ओळ गाळली तर उरते नुसती राबणारी मुंगी. ओळ ठेवली तर मुंगी निराळीच दिसायला लागते. मी या ओळीपाशी बरेच दिवस अडकून पडलो आहे.

हे वचन पुण्यात वाचणं वेगळं आणि नवापूर तालुक्यात वाचणं वेगळं. इथल्या मुलाला मुकादम कोण हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा तो उचल देतो, दिवाळीच्या सुमारास पाड्यावर येतो, आणि ट्रक भरून माणसं बारडोलीच्या अंगाला ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मोजणी कोयत्यांची होते. हंगाम उन्हाळा लागेपर्यंत चालतो. ज्या मुलांना सांभाळायला घरी आजी आहे ती मागे राहतात, बाकीची पडावावर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या तळावर, जातात. नऊ-दहा वर्षांची मुलगी तिथे धाकट्या भावाला कडेवर घेते, पाणी भरते, वाढं गोळा करते, मोळ्या बांधायला हात लावते. ती परत आली की आमच्या सतरंजीवर येऊन बसते. तिला मी मुंगीकडून काय शिकायला सांगू?

ही वचनं शलमोनाच्या नावावर आहेत. म्हणून मी शलमोनाचं चरित्र पुन्हा वाचून काढलं. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मंदिराच्या बांधकामाचा हिशेब आहे. लबानोनात लाकूड तोडायला तीस हजार माणसं वेठीला धरली. दहा-दहा हजारांच्या पाळ्या, एक महिना डोंगरात आणि दोन महिने घरी. शिवाय सत्तर हजार ओझेकरी, ऐंशी हजार पाथरवट. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला तीन हजार तीनशे माणसं. तीन हजार तीनशे मुकादम ठेवणाऱ्या राजाच्या नावावर बिनमुकादमाच्या मुंगीची स्तुती आहे. तो मेला तेव्हा लोक त्याच्या मुलाकडे गेले आणि एवढंच म्हणाले, की बापाने लादलेलं जू थोडं हलकं कर. मुलाने ते आणखी जड करण्याची भाषा केली, तेव्हा वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडमार करून ठार केलं आणि राज्याचे दोन तुकडे झाले. मुंगीचं वचन लिहिणाऱ्याच्या मनात हे सगळं होतं का? मला वाटतं, असावं. माझ्याजवळ पुरावा नाही. पण इतकं राबवून घेणाऱ्याच्या दरबारात बसून कुणीतरी मुंगीकडे पाहिलं आणि तिच्यामागे कुणीच उभं नाही हे टिपून ठेवलं, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

मग निर्गमाचा पाचवा अध्याय. इस्राएली लोक उपासनेसाठी सुट्टी मागतात, तर फारो म्हणतो, हे आळशी झालेत. विटांसाठी लागणारा पेंढा देणं तो बंद करतो आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवतो. आळशीपणाचा ठपका नेहमी कोण कुणावर ठेवतो, हे त्या पानावर उघड दिसतं. आमच्या भागात हा ठपका जुना आहे. भिल्ल आळशी, भिल्ल दारुडा, उद्याची फिकीर नसलेला, असं साहेबांनी लिहिलं, सावकारांनी म्हटलं, आणि त्याच काळात जमिनी हातोहात गेल्या. ज्याची जमीन गेली तोच पुढे त्याच जमिनीवर सालदार म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत राबला, आणि आळशी हे नाव त्याला चिकटून राहिलं ते राहिलंच. शहाद्याकडे १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. भजनं म्हणणारे अंबरसिंग सुरतवंती गावोगाव हिंडले, सालदारांनी मजुरी आणि जमीन मागितली. त्याच चळवळीत बायकांनी दारूची मडकी फोडली. त्याच्याही आधी, १९३८ च्या सुमाराला, मोरवडच्या गुलाम महाराजांनी आप पंथात हजारो आदिवासींना दारू सोडायला, अंघोळ करायला, नेमाने आरतीला यायला लावलं होतं. त्यांच्यामागे मिशन नव्हतं की सरकार नव्हतं. मी ख्रिस्ती माणूस आहे. मुंगीचं ते मधलं वचन मला या माणसांच्यात खरं झालेलं दिसतं, आणि हे वर्गात सांगावं की नाही याचा मी अजून विचार करतो आहे.

मुंग्यांविषयीही थोडं वाचलं, कारण मुलं प्रश्न विचारतात. पवित्र शास्त्रातली ती मुंगी धान्य साठवणाऱ्या जातीची असावी. तशा आपल्याकडेही आहेत. शेताच्या बांधावर त्यांच्या भोकाशी भुशाचं कडं असतं, आणि पाऊस पडून गेला की भिजलेले दाणे त्या उन्हात आणून पसरतात. पण अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात काही अभ्यासकांनी एका लहान जातीच्या मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन कोण काय करते हे टिपलं. त्यांना आढळलं, की सुमारे चाळीस टक्के मुंग्या बहुतेक वेळ काहीच करत नाहीत. सर्वांत जास्त राबणाऱ्या मुंग्या काढून घेतल्या तेव्हा या बसलेल्यांपैकी काही उठून कामाला लागल्या. म्हणजे त्यांचं बसणं वाया गेलेलं नव्हतं. ज्या मुंगीला आम्ही आळशी माणसाचा गुरू नेमलं, तिच्या घरात इतका विसावा आहे! हे वाचल्यापासून मला शब्बाथाची आज्ञा वेगळी ऐकू येते. त्या आज्ञेत धन्याबरोबर दास, दासी, परका, बैल, गाढव या सगळ्यांना सातव्या दिवशी मोकळं केलंय. ऊस तोडणाऱ्याला रविवार नसतो. गाडी भरायची असेल त्या वेळी उठायचं, मध्यरात्र असली तरी.

वर्गात मी हे चाळीस टक्क्यांचं सांगितलं तेव्हा मुलं हसली. एक मुलगा हसला नाही. त्याने विचारलं, ''मुंग्या दाणे आणायला जातात तेव्हा त्यांची पोरं कुठं राहतात?'' मी म्हटलं, आतच राहतात, दुसऱ्या मुंग्या त्यांना भरवतात. ''बरं,'' म्हणाला, आणि वहीत चित्र काढायला लागला.

मुलांनी काम करू नये असं मला म्हणायचं नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाखाली जाऊन बघा. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल लांबून दिसतं. फूल फिकट पिवळं, जाड, रसाने भरलेलं. वेचता वेचता बोटं चिकट होतात आणि वास दिवसभर जात नाही. आठ वर्षांची पोर टोपली घेऊन आजीच्या पुढे-पुढे वेचत असते. ऊन चढायच्या आणि गुरं सुटायच्या आत उरकायचं, हे तिला कुणी सांगत नाही. पायाखाली चिरडलेलं फूल ती उचलत नाही. मध्येच एक तोंडात टाकते. आजी गाणं म्हणत असेल तर ऐकत थांबते, पुन्हा वेचते. ही मुलगी आणि पडावावर मोळी बांधणारी मुलगी, दोघी पहाटेच उठतात, दोघींचे हात सारखेच चालतात. कितीदा तर दोघी एकच असतात. मोहाखालच्या कामाला मी मुंगीचं काम म्हणेन. तिकडच्या कामाला काय म्हणायचं?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत करायला आणि राखायला. पाप अजून घडायचं आहे. घाम, काटे, कुसळं तिसऱ्या अध्यायात येतात. म्हणजे काम आधीचं आणि शाप नंतरचा. आमच्या वर्गात हे चांगलं बसतं, मुलांना आवडतं. अडचण त्याच्यापुढे आहे. कलस्सैकरांच्या पत्रात पौल सांगतो, की जे कराल ते माणसांसाठी म्हणून करू नका, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. ख्रिस्ती माणसाच्या कामाविषयी यापेक्षा मोठं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात, जे १९४२ पासून आदिवासींची सेवा करत आलंय, सिकलसेलच्या दुखण्याने कळवळणाऱ्या पोराजवळ रात्री उभ्या असणाऱ्या नर्सकडे पाहिलं की हे वचन मला समजतं. तिथे तिला बघायला कुणी नसतं. पण पौलाने ते वचन ज्यांना लिहिलं ते दास होते. विकत घेतलेली माणसं. त्यांना तो म्हणाला, मनापासून करा. लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, तो धन्यांकडे वळतो आणि म्हणतो, दासांना न्यायाचं आणि योग्य ते द्या. अध्यायाचे आकडे नंतरच्या लोकांनी घातले. त्या आकड्यामुळे दासाचं वचन एका पानावर राहिलं, धन्याचं दुसऱ्यावर गेलं. संडे स्कूलच्या पुस्तकात पहिलं असतं. याकोबाच्या पत्रात तर शेतात कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. ते वचन दहा वर्षांच्या मुलांकडून पाठ करून घेतलेलं मी कुठेही ऐकलं नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींना बसवून खाऊ घातलं नाही. विणकाम, शेती, छपाई, सगळं शिकवलं. त्यांनी स्वतः केलेल्या बायबलच्या भाषांतराची छपाई मुक्ती सदनातच झाली, त्या बायकामुलींच्या हातून. काम कडकच होतं. पण कालपर्यंत जिला कुणी शिवत नव्हतं तिच्या हातून सबंध शास्त्र छापून निघालं. कष्ट आणि मान एकत्र मिळाले की मूल उद्योगी होतं, असं मी यावरून म्हणायला जातो, आणि मग मला आठवतं की पडावावरच्या त्या मुलीला कष्ट अंगवळणी पडलेलेच आहेत, मान देणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात रविवारचा एक तास आहे.

तेव्हा तिला काय शिकवायचं? उद्योगी हो म्हणालो तर मुकादमाचंच वाक्य माझ्या तोंडून जातं. म्हणालो नाही, तर शाळेत, शेतात, पुढे कुठल्या दवाखान्यात मन लावून करण्यातलं सुख तिच्यापासून मी लपवलं असं होईल. विसावा घे म्हणालो तर तो कुठून घ्यायचा हे ती विचारेल, आणि तिचं बरोबर असेल. सुरुवातीला वाटत होतं, मधली ओळ शिकवली की झालं. आता वाटतं, ती ओळ मुलीपेक्षा मुकादमाने पाठ करायला हवी, आणि कारखान्याच्या संचालकाने, आणि मीही.

नवापूर, चिंचपाडा, विसरवाडी, कुठल्याही मंडळीत मुलांचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तुम्ही मुंगीचं वचन शिकवता तेव्हा पुढची ओळ ठेवता की गाळता? ठेवत असाल, तर हंगामाहून परतलेल्या मुलाला ती कशी समजावता, ते मला सांगा. दिवाळीआधी कळवलंत तर बरं, कारण नंतर निम्मा वर्ग इथे नसतो.