मेंदूतली नवी भरती

नवा रायपूरला पोस्टिंग आली तेव्हा माझं वय ४६. रुंद रस्ते, सगळे सेक्टर एकसारखे. पहिल्याच आठवड्यात दोनदा वाट चुकलो. त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. ज्याच्याबरोबर एका बंकरमध्ये अख्खा हिवाळा काढला, त्या सोबत्याचं नाव आठवेना.

मग वाचलं, की १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांना प्रौढ माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी सापडल्या. आठवणी आणि वाटा सांभाळणारा हाच भाग. २०१८ च्या एका अभ्यासात मात्र मोठ्या माणसांत त्या दिसल्या नाहीत. शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही. पण धावणाऱ्या उंदरांत त्या वाढतात, हे नक्की.

आता रोज पहाटे मोबाईल खोलीवर ठेवून सेक्टरांमधून धावतो. वाट चुकत नाही. नाव अजून आठवलेलं नाही.

धावणं सोडलेलं नाही. जय हिंद!