झागोरीच्या दगडी वाटा

झागोरीत भिंती दगडाच्या, छपरे दगडी फरश्यांची, अंगणे दगडाची आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी वाटही दगडाचीच. ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यात, एपिरस प्रांतातल्या पिंडस पर्वतरांगेत वसलेला हा ४६ गावांचा मुलूख. २०२३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. तरी ग्रीसला जाणारे बहुतेक प्रवासी बेटांकडेच वळतात.

इतक्या अवघड डोंगरांत इतकी देखणी गावे उभी राहिली ती परदेशी गेलेल्यांच्या कमाईवर. ऑटोमन राजवटीत झागोरीला करसवलती आणि बरीच स्वायत्तता होती, पण पिकाऊ जमीन थोडी. म्हणून कर्ते पुरुष व्यापारासाठी कॉन्स्टँटिनोपल, रुमानिया अशा दूरच्या मुलखांत जात. वर्षानुवर्षे ते परतत नसत. त्यांचा पैसा मात्र परते. त्यातून वाडे, शाळा, चर्च आणि ओढ्यांवरचे कमानदार पूल झाले. किपी गावाजवळचा कोकोरीचा पूल १७५० सालचा. एकच उंच कमान दोन्ही कड्यांना भिडलेली, पुराचे पाणी कितीही चढले तरी वाट मोकळी. जवळच प्लाकिदाचा तीन कमानींचा पूल, १८१४ सालचा.

या वाटा चालण्यासाठीच झागोरीला जावे. कापेसोवोहून व्रादेतोला जाणारी पायऱ्यांची वाट उभ्या कड्यावर नागमोडी चढत जाते. पायऱ्या रुंद आणि बुटक्या, लादलेल्या खेचरांनाही चढता याव्यात अशा. १९७०च्या दशकात मोटाररस्ता होईपर्यंत व्रादेतोचे धान्य, आजारी माणसे, नवऱ्या मुली, सारे याच वाटेने गेले-आले. ही वाट बांधणाऱ्या गवंड्यांचे कसब डोळ्यांआधी पावलांना कळते: चढ आहे, पण दम तुटत नाही.

व्रादेतोपुढे बेलोईच्या टोकावरून विकोसची दरी दिसते. चुनखडीचे कडे शेकडो मीटर सरळ खाली उतरलेले. मोनोदेंद्रीहून दरीत उतरून विकोस गावाकडे चढायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. उन्हाळ्यात दरीतले पात्र बहुतेक कोरडे असते, आणि विकोस गावाच्या पायथ्याशी अचानक झऱ्यांतून वोइदोमातिस नदी उसळते. तिचे पाणी ऐन उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे. १९७३ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे.

त्याच्याही कितीतरी आधी गावांनी रान राखले होते. गावाच्या माथ्यावरचे जंगल तोडले तर दरड घरांवर येईल, हे ओळखून त्यांनी ते चर्चच्या नावे केले. तोडणाऱ्याला धर्मबहिष्काराचा धाक असे. देवराया डोंगर कसा धरून ठेवतात, हे जाणणाऱ्याला या रानांचे मोल निराळे सांगायला नको. आज तिथले जुने ओक पाहताना त्या शहाणपणाविषयी आदरच वाटतो.

मिक्रो पापिंगोहून तिंफी पर्वतावर चढत गेले की सुमारे २,०५० मीटरवर द्राकोलिम्नी, म्हणजे ड्रॅगनचे तळे, लागते. त्यात ड्रॅगन राहतो आणि स्मोलिकास पर्वतावरच्या दुसऱ्या ड्रॅगनशी दगडांनी लढतो, अशी लोककथा आहे. पाण्यात खरोखर दिसतात ते न्यूट, पालीच्या आकाराचे उभयचर.

मुक्काम जुन्या वाड्यांतून केलेल्या छोट्या अतिथिगृहांत. गावाच्या मधोमध चिनाराचे झाड, त्याखाली दगडी पार आणि शेजारी खानावळ. जेवणात पीता, म्हणजे भट्टीत भाजलेला ग्रीक ‘पाय’, हवीच. अलेव्रोपीता पिठाच्या पातळ मिश्रणावर फेटा चीज घालून खरपूस भाजतात. साधी, पण चालून आलेल्याला तृप्त करणारी.

चालायला मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. हिवाळ्यात उंचावरच्या वाटा बर्फाखाली जातात. ऑगस्टमध्ये शहरांत आणि परदेशांत पांगलेली कुटुंबे गावी येतात. १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाच्या सुमारास अनेक गावांच्या चौकांत क्लॅरिनेटच्या सुरांवर रात्रभर फेर धरले जातात. परक्यांनाही त्यात जागा मिळते. खोली मात्र बरीच आधी ठरवून ठेवावी लागते.