बरोब्बर एक दिवस

बेरीज हा विषय आपण चौथीतच संपवला, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, मोठ्या कारखान्यांना लागणारे बारीकसारीक भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. 'लिहितो' हे आपलं सवयीने म्हणायचं. मी एक्सेलच्या चौकोनांत आकडे टाकतो, हिशेब तेच करतं. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ साली सुरू झाला आणि एक्सेलचा जन्मही १९८५ चाच. तेव्हा आमच्या भागात दोघांबद्दलही थोरल्या भावाबद्दल असावा तसा आदर आहे. थोरल्या भावाला बेरीज चुकली असं कोण म्हणणार?

आमच्या साहेबांना आलेख फार आवडतात. नुसते आकडे वाचून दाखवले की त्यांचे डोळे मिटतात, आणि रंगीत खांब दाखवले की उघडतात. त्या महिन्यात त्यांना ओव्हरटाइमचे खांब हवे होते. आमच्याकडे ओव्हरटाइम करणारे पाच जण. पूर्वी मी 'साडेतीन'ला तीन पूर्णांक पाच लिहीत असे. त्या महिन्यापासून मात्र सुधारणा म्हणून घड्याळासारखे तास आणि मिनिटं लिहू लागलो. सुधारणा करायची हौस मला लहानपणापासूनच आहे. घरातलं एक घड्याळ आणि दोन रेडिओ तिला बळी पडले आहेत.

प्रत्येकाची महिन्याची बेरीज छापली, त्या कागदावरून पगारपत्रकात उतरवली आणि सात तारखेला पगार झाले. आठ तारखेला साहेबांसाठी पाचही जणांची एकत्र बेरीज मारली. उत्तर आलं सव्वाचार तास.

आता, एकट्या लेथवाल्याचेच बावीस तास होते. इतर दोघांचे साडेअठरा आणि सव्वावीस. पॅकिंगवाल्याचे बारा. आणि मामांचे साडेतीन. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. 'वय झालं, थकले असतील बिचारे,' असा कनवाळू विचारही पगारपत्रक भरताना माझ्या मनात येऊन गेला होता.

आलेखाने तर कहर केला. मामांचा खांब सगळ्यांत उंच, आणि त्याच्या डोक्यावर आकडा ३:३० ! शेजारी बावीस तासांचा लेथवाला खाली मान घालून उभा. मी आकडे उतरत्या क्रमाने लावून पाहिले, तर साडेतीन बावीसच्या वर जाऊन बसले.

ऑफिसात संगणक बिघडला की वैद्य फार. स्टोअरकीपर म्हणाले, "बंद करून चालू करा." हा त्यांचा सर्व रोगांवरचा काढा आहे. केलं. बेरीज सव्वाचारच. तपासणी खात्यातला पोरगा जरा जाणकार. तो म्हणाला, "काका, एखादा आकडा मजकूर म्हणून बसला असेल." असा आकडा दिसायला आकडाच असतो, पण चौकोनात डावीकडे चिकटून बसतो, बहुधा कोपऱ्यात हिरवा त्रिकोण मिरवतो आणि बेरजेत मात्र धरला जात नाही. लग्नात जेवून जाणाऱ्या पण आहेर न करणाऱ्या पाहुण्यासारखा. आमचे पाचही आकडे उजवीकडे शिस्तीत उभे होते.

मग सूत्राचा पल्ला तपासला. खाली नवी ओळ वाढवावी आणि सूत्राने जुन्याच ओळीवर थांबावं, हा तर नेहमीचा घोळ. तो थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली देशांच्या कर्जावर एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांची एक्सेलची फाइल उघडली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश चक्क बाहेर राहिलेले ! त्यांचे पाच देश, माझे पाच कामगार. मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. पण माझा पल्ला बरोबर निघाला, आणि तोही मोठेपणा गेला.

एवढ्यात दारात मामा दिसले. सकाळपासून दोनदा येऊन परत गेले होते म्हणे.

"साहेब, रागावू नका. माझ्या वहीत साडेसत्तावीस तास आहेत. चिठ्ठीवर साडेतीन आलेत."

खिशातली छोटी वही त्यांनी पुढे केली. प्रत्येक रात्रीची तारीख आणि तासांच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी.

"मग कालच का नाही आलात?"

"कंपुटर कशाला चुकंल? माझंच चुकलं असंल म्हणून रात्री तीनदा मोजलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरीला सात तारखेला सायकल कबूल केली होती. पैशाचं जाऊ द्या साहेब, पण चिठ्ठी बघून मंडळी इचारती, साडेतीनच तास काम केलं, तर मग इतक्या रात्री होतात कुठं?"

मी हसणार होतो. मामांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

माझ्या पहिल्या नोकरीतले हेडक्लार्क सांगत, "बेरीज जुळत नसली तर आधी फरक विचारा. त्याला नवाने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे. नाही गेला तर त्याची निम्मी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला पडली असेल." फरक चोवीस. नवाने भाग जात नाही. निम्मे बारा, आणि बारा तास पॅकिंगवाल्याचे ! अर्धा तास मी त्याच्याकडे संशयाने पाहत होतो. त्या भल्या माणसाने तेवढ्यात मला चहा पाजला.

"चोवीस," मामा पुटपुटले, "म्हंजे माझा बरोब्बर एक दिवस गेला."

एक दिवस ! तिथे माझ्या डोक्यात टोला पडला. एक्सेलच्या लेखी वेळ म्हणजे दिवसाचा भाग. सहा तास म्हणजे पाव, बारा म्हणजे अर्धा आणि चोवीस म्हणजे एक. आत त्याने साडेसत्तावीस तास इमानाने जपले होते. दाखवताना मात्र घड्याळासारखे दाखवले, आणि घड्याळात सत्तावीस कधी वाजतात? पूर्ण दिवस पोटात ठेवून त्याने उरलेले साडेतीन तेवढे पुढे केले. पाच जणांचे मिळून सव्वाशंभर नव्हे, शंभर तास पंधरा मिनिटं; त्यातले चार दिवस गिळले की राहतात सव्वाचार. उपाय काय, तर चौकोनाच्या फॉर्मॅटमध्ये तासाच्या 'एच'भोवती चौकटी कंस घालायचा. कंस घातला आणि मामांचा दिवस परत आला.

म्हणजे चोवीसच्या आत काम करणाऱ्याचा मिनिटन्‌मिनिट शाबूत, आणि सगळ्यांत जास्त राबणारा शून्यापासून सुरू. ही रीत मला एक्सेलच्या बाहेरही बरीच ओळखीची वाटली. आलेख बिचारा पहिल्यापासून मामांचा खांब उंच काढून खरं सांगत होता. मी त्यालाच वेडा ठरवून दुरुस्त करायला निघालो होतो.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट. चोवीस तास म्हणजे सहा पाळ्यांचा पगार. मी साहेबांकडे जाऊन चूक माझी म्हणून सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "पैसे आजच द्या." मग जरा थांबून, "खांब नवे काढाल ना?"

संध्याकाळी पैसे घेताना मामा रेंगाळले. "साहेब, ते रंगीत चित्र एक मिळंल?"

आता रांजणगावातल्या त्यांच्या खोलीत, भिंतीवर विठोबाच्या कॅलेंडरशेजारी आमचा आलेख चिकटवलेला आहे. सगळ्यांत उंच खांबावर २७:३०. खाली मुलीची सायकल टेकवलेली असते. आणि मी दर महिन्याला छापण्याआधी मामांची वही मागून घेतो.

"आता कंपुटर नीट झाला ना?" ते विचारतात.

"कंपुटर तेव्हाही नीटच होता, मामा," मी म्हणतो, "वही द्या."