दाराच्या पोटातील गंज

अश्दोदसारख्या सागरकिनारी राहणाऱ्या बांधवांना गंजाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. खिडकीचे गज व गॅलरीचे कठडे तो आपल्या डोळ्यांदेखत खातो. परंतु मोटारीच्या दाराच्या पोटात तो कसा वाढतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

माझ्या भाच्याजवळ एक जुने टेंडर आहे. नळदुरुस्तीच्या त्याच्या धंद्याचा सारा भार त्याच गाडीवर. नवी घेण्याची आज ऐपत नाही. दारे सडली तर रोजीरोटीच अडावयाची. उन्हाळ्यात केबिन भट्टीसारखी तापते व दारे डब्यासारखी खडखडतात, म्हणून आतून अस्तर चिकटवावे, असा त्याचा आग्रह. "मामा, शाळेला सुट्टी आहे, तुम्ही हाताशी असलात तर दोन तासांचे काम!" मी त्याला दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावयास सांगितले. रंगाला फोड आले होते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून आत तो वाढला की बाहेर रंग फुगतो.

काच वरखाली होत असल्यामुळे तिच्या कडेचे रबर पाणी पूर्णपणे अडवू शकत नाही. पाणी शिरणारच, हे धरून कारखानदार दाराच्या तळाशी छिद्रे ठेवतो. धुळीने ती बुजली की पाणी साचते. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजते, आणि समुद्राचे मीठ ओल धरून ठेवते. म्हणूनच दिमोनाच्या कोरड्या हवेत टिकणारी गाडी किनाऱ्यावर लवकर खंगते. १९६० च्या दशकात हैफाच्या कारखान्यातून निघणाऱ्या सुसिता गाडीचे अंग फायबरग्लासचे होते. त्याला ही व्याधी नव्हती. आमचे दार मात्र जेमतेम मिलिमीटरभर पोलादी पत्र्याचे.

अशा पत्र्यावर अस्तर चिकटविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. म्हणून प्रथम आतील आवरण व त्यामागील प्लास्टिकचा कागद काढला, तारेने छिद्रे मोकळी केली, गाळ धुतला व दार दोन दिवस उन्हात वाळू दिले. सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडला. खोलवर उरलेल्या गंजावर, हातमोजे व चष्मा घालून, फॉस्फोरिक आम्लाचा द्रव लावला. त्याने गंजाचे स्थिर लोहफॉस्फेट बनते. मग गंजरोधक प्राइमर व रंग.

त्यानंतर अस्तर. खडखड थांबविण्यास पत्र्याचा सुमारे चौथा हिस्सा ब्युटिल रबराच्या जड पट्ट्यांनी झाकला तरी पुरतो. उष्णतेसाठी बंद छिद्रांचा फोम घ्यावा. नमदा किंवा स्पंज पाणी शोषून गंजालाच पोसतो. तळची छिद्रे उघडीच ठेवावीत. द्रवरूप मेण सर्वांत शेवटी सांध्यांत फवारावे, कारण मेणावर अस्तर चिकटत नाही. प्लास्टिकचा कागद आठवणीने परत लावावा. तो आतील आवरणाला ओलीपासून राखतो.

कोकणात आपल्या वाडवडिलांना 'शनिवार तेली' म्हणत. लोखंडाला स्निग्धतेचे कवच हवे, हे घाणा चालविणाऱ्यांच्या वंशजांना निराळे पटवून द्यावयास नको!

दोन तासांच्या कामास आठवडा लागला, आणि भाच्याची दोन गिऱ्हाइके तेवढ्यात दुसरीकडे गेली. ते नुकसान खरेच. तथापि नवी दारे बसवावी लागली असती, तर त्याची कित्येक महिन्यांची बचत गेली असती. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे, त्यांनी पहिला पाऊस येण्यापूर्वी एवढे तरी करावे: दाराच्या तळाची छिद्रे मोकळी आहेत की नाहीत, ते वाकून पाहावे.