मी नियम घेतला नव्हता

आमच्या भिशीत आम्ही अकराजणी. महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी दुपारी साडेतीनला जमायचं, चिठ्ठी काढायची, खायचं, गप्पा मारायच्या आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं. लग्न होऊन बेळगावात आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली बावीस वर्षं ही भिशी चालली आहे. सासूबाई गेल्या तेव्हा आठ दिवस आमच्या घरचा डबा याच बायकांनी पाळी लावून आणला होता. म्हणून आधीच सांगते, भिशी म्हणजे नुसतं खाणं-पिणं नव्हे. पण खाण्या-पिण्यावाचून ती होतही नाही. माझी सगळी अडचण तिथंच झाली.

दोन वर्षांपूर्वी संक्रांत झाली आणि सहज म्हणून रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3 आली. 6.5 ला मधुमेह म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "अजून उंबऱ्याच्या अलीकडं आहात. पाय मागं घेता येतो का बघा."

मला उंबऱ्याच्या पलीकडचं घर ठाऊक होतं. माझी आई मधुमेहानं गेली. शेवटची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिला पथ्य कळत नव्हतं असं नाही. ती घरात काटेकोर असायची. पण कुणाच्या दारात गेली की समोरचीचं मन मोडवत नसे. "एका लाडवानं काय हुतंय," म्हणायची आणि खायची. असे किती एकेक लाडू झाले, त्याचा हिशेब शेवटी तिच्या मूत्रपिंडांनी दिला.

पुण्यात माझी भाची आहारतज्ज्ञ आहे. तिनं मला लगेच आहाराचा तक्ता पाठवला. त्यात होतं: मोड आलेली कडधान्यं, गाजर, बीट, लसूण, वांगं, दह्यात कालवलेली मूगडाळीची कोशिंबीर. मी लाल पेन घेऊन बसले. कंदमूळ आमच्यात नाही, मोड आलेलं चालत नाही, वांगं बहुबीज म्हणून नाही, कच्च्या दह्यात डाळ मिसळली की द्विदल. अर्धा तक्ता लाल झाला. भाची फोनवर हसत म्हणाली, "मावशी, मग तू खातेस तरी काय?"

ते एकदा बघायलाच पाहिजे होतं. आठ दिवस मी तोंडात गेलेलं सगळं वहीत लिहिलं. सकाळी चहाबरोबर गव्हाची म्हणून घेतलेली बिस्किटं. पुडा उलटा करून वाचला. पुड्यावर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, हे भाचीनं सांगितलं होतं. पहिलाच शब्द मैदा, पुढं साखर आणि पामतेल. गहू कुठंतरी खाली. चार वाजता केळ्याचे वेफर, कारण बटाटा चालत नाही. रविवारी जैन पावभाजी, त्यात कच्चं केळं आणि वर लोण्याचा गोळा. जैन नूडल्स, जैन मंचुरियन, जैन पिझ्झा. कांदा-लसूण नाही एवढ्यावर आपण निश्चिंत. अभक्ष्य काय ते आम्ही बारकाईनं टाळलं होतं. भक्ष्य काय ते विसरलो होतो.

भाचीनं दोन गोष्टी समजावल्या. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांनी अन्नाची वर्गवारी त्यातल्या पोषकद्रव्यांवरून न करता, त्यावर किती प्रक्रिया झाली यावरून केली. आणि 2019 मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी वीस माणसांना आपल्या देखरेखीखाली ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडं साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच मांडलेला. हवं तेवढं खा म्हटलं. कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांची वजनंही वाढली.

ते ऐकताना मला सासूबाई आठवल्या. पिठाला मर्यादा असते, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यापुढं पीठ वापरायचं नाही. त्यामुळं घरात दर चार दिवसांनी गिरणीची फेरी असायची. धान्य अख्खं यायचं, निवडलं जायचं, ताजं दळलं जायचं. महाराजांसाठी चौका लावायचा म्हटलं की तर जात्यावर. त्या गेल्यावर मी पाच किलोची पिशवी आणायला लागले. ब्राझीलहून आलेलं शहाणपण माझ्याच स्वयंपाकघरातून पंधरा वर्षांपूर्वी मी बाहेर घालवलं होतं.

मग ठरवलं. शाळूची भाकरी, हातसडीचा भात, मूग-मटकी-चवळी न मोडवता रात्रभर भिजवून केलेल्या उसळी, दुधी, दोडका, भेंडी, गवार, शेंगदाणे, तीळ, फळं, ताक. मैदा नाही, साखर नाही, पुड्यातलं काही नाही. घरात आठवडाभरात बसलं. नवऱ्यानं चार दिवस कुरकुर केली आणि पाचव्या दिवशी दुसरी भाकरी मागितली.

घराबाहेर मात्र बसेना. फेब्रुवारीच्या भिशीला मी कुंद्याची वाटी परत केली. "बेळगावात राहून कुंदा नको?" "डाएट काय गं आता या वयात?" "आमच्या हातचं चालेना काय तुला?" कुणी वाईट बोललं नाही, पण त्या दुपारी सगळा विषय माझी वाटीच झाली. मार्चच्या भिशीला डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. एप्रिलला पाहुणे आले म्हणून. पुतण्याच्या साखरपुड्याला अक्षता टाकून जेवायच्या आधी निघाले. जाऊबाईंनी स्वतः पुरणपोळ्या लाटल्या होत्या. त्यांनी मला दारात बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या.

मैत्रिणींनो, तीन महिन्यांत माझं वजन चार किलोनं उतरलं आणि फोन वाजायचा बंद झाला. संध्याकाळी गच्चीवर एकटीच फिरायची. आई सगळ्यांत बसून खात गेली. मी न खाता एकटी पडले. यातलं बरं कुठलं, असं खरंच वाटायला लागलं होतं.

मे महिन्यात निपाणीकडं एका लग्नाला गेले. पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन नवरीची आत्या पुढं आली. दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा तिनं माझा हातच धरला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नियम हाय माझा. साखरेचा आणि मैद्याचा त्याग केलाय. महाराजांकडं."

तिचा हात तिथंच थांबला. ताट मागं घेतलं. मला हात जोडून म्हणाली, "चुकलं हं माझं. किती पुण्य तुमचं!"

एवढं सोपं होतं. प्रकृतीसाठी नको म्हटलं की नखरा, नियम म्हटलं की पुण्य. रसपरित्याग हे बाह्य तपांतलं एक तप, दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यातलं एखादं सोडणं, हे आपल्यात लहान पोरीलाही ठाऊक असतं. त्यापुढं कुणी वाद घालत नाही. जूनपासून मी परत भिशीला जाऊ लागले. नियमाची बातमी माझ्या आधीच पोचली होती. माझ्यापुढं फळांची बशी यायची, वर कौतुकही. मला ते आवडायला लागलं, हे लपवून उपयोग नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. बस्तीत प्रवचन झालं. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करणीत तिसरं असू नये, ही तीन एका रेषेत असावीत, ते आर्जव. मी मान हलवत ऐकत होते. प्रवचन संपल्यावर मंडळाच्या बाई वही घेऊन आल्या. शेवटच्या दिवशी त्यागी-तपस्वी श्राविकांचा सत्कार होता. यादीत माझं नाव आधीच घातलेलं. त्याखाली आणखी एक नाव होतं, आमच्या समोरच्या गल्लीतल्या तिशीतल्या सुनेचं. ती मला म्हणाली, "काकू, तुमचं बघून मीबी महाराजांकडनं वर्षाचा नियम घेतला. गोड सगळं बंद. पयले दोन महिने लई जड गेलं, पण तुमी करताय म्हटल्यावर..."

तिचा नियम खरा होता. साक्षीनं घेतलेला, न चुकता पाळलेला. माझा सोयीचा होता. मी तिथंच खाली बसले. भिशीतल्या सहा-सातजणी होत्या, त्यांच्यासमोर सांगितलं, "माझं नाव काढा. मी नियम घेतला नव्हता. मला साखरेचा आजार होऊ घातलाय. आईसारखं होईल म्हणून मी घाबरलेय. खरं सांगितलं तर कुणी ऐकत नाही म्हणून खोटं बोलले."

कुणीच काही बोलेना. आमच्यात सगळ्यांत मोठ्या आक्का, वय 76, त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे आजारी म्हणवून घ्यायची लाज वाटली, आणि तपस्वी म्हणवून घ्यायची नाही वाटली व्हय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण मग आक्काच पुढं म्हणाल्या, "मला बारा वर्षं झाली गोळी चालू होऊन. सुनेशिवाय कुणाला ठाऊक नाही." दुसरी म्हणाली, माझीही मागच्या वर्षी आलीय. तिसरीनं रक्तदाबाचं सांगितलं. सातांपैकी चौघी आपापली गोळी पदराआड घेऊन एकमेकींना कुंदा वाढत होतो. समोरच्या सुनेला मी हात जोडले. ती म्हणाली, "काकू, माझा नियम तर खराच हाय की. तुमी रडू नका." यादीत तिचं एकटीचं नाव राहिलं, आणि तिच्या सत्काराला नारळ मी दिला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही आग्रह होतो. पण मी काही गोष्टी शिकले, त्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून लिहिते. लग्नाला जाताना घरी अर्धी भाकरी खाऊन निघते, म्हणजे भूक माझ्या वतीनं हो म्हणत नाही. पंगतीत आधी भाजी, वरण, काकडीच्या फोडी वाढून घेते आणि सावकाश जेवते. माणसं आपण काय खातो ते बघत नाहीत, ताट रिकामं आहे का ते बघतात. कधी पदर खोचून स्वतःच वाढायला उभी राहते, वाढणारीला कुणी आग्रह करत नाही. भिशीला माझी पाळी आली की ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करते, शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून. कुणाला उपदेश करत नाही, तो सगळ्यांत बेचव पदार्थ. आणि नको म्हणताना कारण एकच, खरं आणि छोटं सांगते: "साखर वाढलीय माझी, भीती वाटते." भीती वाटते म्हटल्यावर सहसा कुणी हात धरत नाही. आता आमच्या भिशीत एक गोड आणि एक साधं असे दोन पदार्थ असतात. जिला जे हवं ते. कुंदा अजून संपतोच, कुणी काळजी करू नये.

ऑक्टोबरात साखर 5.8 आली. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

राहिल्या होत्या जाऊबाई. क्षमावाणीला मी त्यांच्याकडं जाऊन क्षमा मागितली होती. त्यांनी "असू दे" म्हटलं, पण असू दे हे असू देण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आदिनाथ भगवंतांच्या पारण्याचा दिवस, सकाळी बस्तीत उसाच्या रसाचा प्रसाद झाला. मी दोन घोट घेतले. तो दिवस माझ्या तक्त्यात बसत नाही, आणि तक्ता त्या दिवसात बसावा असं मलाही वाटत नाही.

जाऊबाईंकडं पुरणपोळीच होती. त्यांनी कधी दुसरं केलेलंच नाही. मी मनाशी ठरवून गेले होते, अर्धी पोळी खायची, बाकी कुणी काही म्हणो. ताट पुढं आलं. त्यात पाव पोळी होती, तुपाचा एक थेंब, शाळूची गरम भाकरी, कटाची आमटी आणि एका वाटीत शिजवलेली हरभऱ्याची डाळ, वरून जिऱ्याची फोडणी आणि ओलं खोबरं.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या दुसऱ्या कुणाला तरी वाढत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "गूळ घालायच्या आदी वाटीभर काढून ठेवली. खा."

मी सगळं संपवलं. पाव पोळीसुद्धा.