मागच्या ओळीतले टाळ



तुमच्या घरात वारी थांबलेले एखादे वडीलधारे माणूस असेल, तर हे लिहिणे त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी आहे. विषय जरा वेगळा वाटेल. संगणकातला आवाज तारेशिवाय घरातल्या जुन्या स्टिरिओवर कसा आणायचा, एवढाच. पण आमच्या घरात या एवढ्याशा गोष्टीने दोन महिने खाल्ले.

आमचे आप्पा ८४ वर्षांचे. चाळीसहून अधिक वर्षे आळंदीहून पंढरीला पायी गेले, त्यातली बरीच वर्षे गळ्यात वीणा होती. तीन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले आणि त्यांची वारी हॉल ते गॅलरी एवढीच उरली. हातात वॉकर. तक्रार कधी केली नाही, पण आषाढात दिवे घाटाची चित्रे टीव्हीवर लागली की ते उठून आत जायचे. मला ते बघवत नसे.

त्यांनी मागितले ते एकच. गावच्या सप्ताहाच्या कॅसेटी. ३५ वर्षांपूर्वी माझ्या मामाने मंडपाच्या खांबाला टेपरेकॉर्डर बांधून १४ कॅसेटी भरल्या होत्या. त्यात गाणारी, वाजवणारी निम्मी माणसे आज नाहीत. आमचा टेप कधीच बंद पडलेला, म्हणून मित्राचा मागून आणला आणि एकेक कॅसेट संगणकात उतरवायला बसलो. यात घाई चालत नाही माउली. ९० मिनिटांची कॅसेट उतरायला ९० मिनिटेच लागतात, आणि ४५ मिनिटांनी बाजू उलटायला उठावे लागते. रोज रात्री जेवण झाले की एक कॅसेट, असा नेम धरला.

पहिली कॅसेट संगणकाच्या स्पीकरवर लावली. आप्पांनी पाच मिनिटे ऐकले आणि विचारले, "पखवाजाची डावी बाजू कुठं गेली रे?"

मला आधी कळेना. मग लक्षात आले. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा जो घुमारा असतो, तो बोटभर स्पीकरमधून निघतच नाही. तेवढी हवा हलवण्याची त्याची ताकद नसते. नुसते उजव्या शाईचे टणटण ऐकू येत होते. हॉलमध्ये माझ्या नोकरीच्या सुरुवातीला घेतलेला स्टिरिओ होता, लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर असलेला. त्याचा अँप्लिफायर अजून धडधाकट. म्हटले, संगणकातून तिथवर तार टाकू. आतल्या खोलीतून दारातून हॉलपर्यंत पंचवीस फूट तार टाकली. डावी पुडी घुमली, आप्पा खूष झाले, मीही.

चौथ्या दिवशी वॉकरचा पाय त्या तारेत अडकला. सोफा जवळ होता म्हणून आप्पा त्यावर बसल्यासारखे पडले, एवढेच. मी तारेवर चिकटपट्टी मारायच्या गोष्टी करू लागलो. सौ.ने काही न बोलता तार गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. ८४ व्या वर्षी दुसरा खुबा मोडला तर काय होते, हे तिला सांगावे लागत नव्हते.

मग ब्लूटूथची काडेपेटीएवढी डबी आणली. तिची लाल-पांढरी पिन अँप्लिफायरच्या मागे लावायची आणि संगणकाची तिच्याशी जोडी जुळवायची. तुम्ही लावाल तेव्हा एक सांभाळा. मागे ऑक्स लिहिलेल्या भोकांतच पिना घाला, फोनो लिहिलेल्यांत नको. ती तबकडीच्या सुईसाठी असतात. सुईचा क्षीण आवाज खूप मोठा करण्याची सोय तिथे असते, त्यामुळे आपला आवाज फाटतो. दुसरे, संगणकाचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त अँप्लिफायरच्या बटणाने करा. उलट केले तर खरखर वाढते.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिपाठ चालू असताना आवाज मध्येच बंद झाला आणि स्टिरिओतून दणक्यात सिनेमाचे गाणे सुरू झाले! शेजारच्या मुलाचा मोबाईल आमच्या डबीशी जुळला होता. तिला कुलूप म्हणून काही नव्हतेच, जो येईल त्याला घरात घेत होती. आप्पा हसून हसून बेजार. मुलगा येऊन पाया पडून गेला, त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

शिवाय दोन भिंती मध्ये, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला की आवाज तुटायचा. दोघांच्याही लहरी एकाच पट्ट्यातल्या, २.४ गिगाहर्ट्‌झच्या. उघड्यावर दहा मीटर जाणारा आवाज भिंतीआड दमतो. शेवटी घरच्या वायफायवर चालणारी डबी घेतली. ही युक्ती नवी नाही, अ‍ॅपलने २००४ मध्येच अशी सोय असलेले यंत्र काढले होते. आमच्या घरी पोहोचायला तिला इतकी वर्षे लागली. ही डबी पुढचा आवाज थोडा आधीच साठवून ठेवते, म्हणून मध्ये अडथळा आला तरी तुटत नाही. त्याची किंमत म्हणजे उशीर. संगणकावर थांबवले तरी हॉलमध्ये साधारण दोन सेकंद भजन चालूच राहते.

नुसते ऐकताना हा उशीर कळत नाही. पण मी हौसेने एका कीर्तनाचा व्हिडिओ लावला आणि पडदा दारातून दिसेल असा वळवला, तर पखवाजावर हात आधी पडायचा आणि थाप मागून यायची. मला ते फार खुपले. त्यावर उपाय असतात, काही प्लेअरमध्ये आवाज मागेपुढे सरकवता येतो. मी त्या खटपटीत असताना आप्पा म्हणाले, "अरे, दिंडीत शेवटच्या ओळीत चाललायस कधी? पुढचे टाळ उठतात तेव्हा मागं आवाज यायचा असतो."

मी गणित मांडून पाहिले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पखवाजापासून ३४ मीटर मागे चालणाऱ्याला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचते, आणि द्रुत लयीत तेवढ्याने टाळ घसरतो. म्हणून मागचे टाळकरी पुढच्यांच्या हातांकडे बघतात, नुसत्या कानावर राहत नाहीत. मी इतक्या वेळा दिंडीत चाललो, पण हे कधी ध्यानात आले नव्हते.

नववी कॅसेट लावली त्या रात्रीची गोष्ट. एकटाच आवाज चाल सांगत होता, मागे वीणा. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गळा बरा आहे, पण हा विणेकरी घाई फार करतोय. समेवर थांबतच नाही. कोण रे हा?"

नातीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलेना, तेव्हा तीच म्हणाली, "आजोबा, ते तुम्हीच."

आप्पांनी डोळे उघडले. दोन्ही स्पीकरांकडे आळीपाळीने पाहिले, जणू त्यातून कोणी बाहेर येणार आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मांडीवर हाताने ताल धरत म्हणाले, "मागं घे. पहिल्यापासून लाव."

मी आत जाऊन मागे घेतले. हॉलमध्ये पोहोचेपर्यंत आवाज सुरू झाला नव्हता. ते दोन सेकंद आप्पा हात वर धरून बसले होते.

अजून पाच कॅसेटी उतरायच्या आहेत. त्यातल्या दोनांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली आहे. ती साफ करून देणारा कोणी जुना कारागीर तुमच्या माहितीत असेल तर कळवा, माउली.